पादत्राणपरीक्षा, अर्थात प्रौढ बॅडमिंटनपटूंस काही सूचना

चाळिशी उलटल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने अथवा वजनकाट्याच्या निकालाने बॅडमिंटनचा अंगीकार केलेल्या सद्गृहस्थांची अशी एक वहिवाट दिसते की, रॅकेटच्या तारा, तिचे वजन आणि मुठीची जाडी यांविषयी पंधरवडाभर चौकशी करावी, आणि पायांत मात्र सकाळी फिरायला जाण्याचे बूट तसेच चढवून कोर्टावर उतरावे. ज्या पुण्याच्या छावणीत गोऱ्या अंमलदारांनी हा खेळ इतका रुजविला की काही काळ तो ‘पूना’ याच नावाने ओळखला जाई, त्या पुण्यातही ही चाल बिनदिक्कत चालू आहे, हे पाहून प्रस्तुत मार्गदर्शनाची तजवीज करणे आम्हांस भाग पडले.

फिरण्या-धावण्याचा बूट हा नाकासमोर जाणाऱ्या माणसासाठी निर्माण झालेला आहे. त्याची टाच उंच, तळ जाड व मऊ. परंतु ४४ फूट लांब व २० फूट रुंद मुलखाच्या निम्म्या भागाची राखण करणारा आमचा खेळाडू क्षणात डावीकडे झेपावतो, क्षणात तिरका मागे सरतो, आणि अशा वेळी त्या उंच चौथऱ्यावरून पाऊल आतल्या बाजूस कलंडले की घोट्याच्या बाहेरील अस्थिबंध ताणला जातो, प्रसंगी फाटतोही, व रॅकेट कित्येक आठवडे खुंटीवर राहते.

सबब, बूट सायंकाळी खरेदी करावा, कारण दिवसभराच्या वावराने पाऊल किंचित फुगलेले असते; खेळताना घालावयाचे मोजे बरोबर न्यावेत; आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा राहते की नाही हे उभे राहून पाहावे, अन्यथा झेपावून थांबताना नखावर आघात होत होत ते काळे पडते. तळ बुटका, गम रबराचा व जमिनीवर डाग न पाडणारा असावा. मग बूट दोन्ही हातांत धरून ओला पंचा पिळावा तसा पिळावा: मधोमध पिळला जाणारा नापास, केवळ चवड्यापाशी वाकणारा उत्तीर्ण. ‘साहेब, हा सगळ्याला चालतो,’ असे विक्रेत्याने शपथेवर सांगितले तरी तो पुरावा ग्राह्य धरू नये. नाड्या आवळून दुकानातच डावीउजवीकडे चार उड्या माराव्यात. टाच आत हलली अथवा पाऊल कडेवरून बाहेर सांडले, तर बूट परत करावा. शेजारी लग्नासाठी चपला पाहणारे कुटुंब या समयी थोडे मागे सरकेल; सरकू द्यावे.

हा बूट पिशवीतून न्यावा, कारण रस्त्याची धूळ तळाची पकड घालविते. तळ गुळगुळीत झाल्यावर त्याची भाजीमंडईकडे बदली करावी.

इतकी दक्षता घेऊनही, अंग न तापविता खेळावयास उतरल्यास, टाचेच्या वरच्या बाजूस मागून कोणी लाथ घातल्याचा भास एखादे दिवशी होण्याचा संभव आहे. दुहेरीच्या सामन्यात मागे उभ्या असलेल्या सहकाऱ्याचा संशय येणे साहजिक असले, तरी त्याच्यावर फिर्याद गुदरू नये. टाचेची कंडरा तुटल्याची ती खूण असू शकते, तेव्हा त्याच सहकाऱ्याच्या खांद्यावर हात टाकून तडक रुग्णालय गाठावे, आणि तो गेम प्रतिपक्षास बहाल करावा.