सल्ला केंद्रासाठी अनुदान कसे मिळवावे : नवशिक्यांसाठी सोपी मार्गदर्शिका

गोवंडी-मानखुर्दच्या एखाद्या वस्तीत दहा बाय बाराची खोली भाड्याने घ्यावी, टेबल-खुर्च्या मांडाव्यात, झेरॉक्स काढता येईल असा प्रिंटर आणावा आणि दारावर ‘कर्ज, रेशन, पेन्शन व घर यांविषयी मोफत मार्गदर्शन’ अशी पाटी लावावी, असे तुमच्या मनात आले असेल तर अभिनंदन. पाटी लागली की दुसऱ्या दिवसापासून लोक येतात. पैसे जरा सावकाश येतात. त्यांना कसे बोलवावे, एवढेच इथे सांगायचे आहे.

आधी कागद. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवा. मग आयकराची १२-ए, मग ८०-जी, मग सरकारच्या दर्पण पोर्टलचा नंबर. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे समाजकार्यासाठीचा, निधी हवा असेल तर सीएसआर-१ हा फॉर्मही भरा. १ एप्रिल २०२१ पासून तो सक्तीचा आहे. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्या. तो मंजूर होईपर्यंत बहुधा आणखी एक विश्वस्त बदलेल, त्याचाही द्या. एवढे झाल्यावर नवशिक्याला मुख्य नियम कळतो : सीएसआरसाठी तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे पैसे मिळावेत म्हणून आधी तीन वर्षे पैशांशिवाय काम करून दाखवायचे. परदेशी देणगीची वाट धरलीत तर तिथेही तीन वर्षे हवीत, वर त्या काळात कामावर १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. ज्याच्यापाशी १५ लाख होते तो परदेशात हात का पसरेल, असा रकाना फॉर्ममध्ये नाही.

आता दाता. २०१३च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. कशावर, याची यादी त्याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे. तीत भूक आहे, गरिबी आहे, शिक्षण आहे, झोपडपट्टी विकासही आहे. ‘हप्तेवाल्याला काय उत्तर द्यायचे ते सांगणे’ मात्र नाही. म्हणून प्रपोजलवर ‘कर्ज सल्ला’ लिहू नका, ‘आर्थिक साक्षरता’ लिहा. या दोन शब्दांवर दात्यांचे फार प्रेम आहे, कारण त्यांतून गरिबाला हिशेब येत नाही हे आपोआप सिद्ध होते. जी बाई चार घरची धुणीभांडी करून तीन कंपन्यांचे हप्ते, भाडे आणि पोराची फी एका पगारात बसवते, तिला महिन्याचे बजेट कसे करावे हे प्रोजेक्टरवर दाखवायला निधी लगेच मिळतो.

त्याच बाईला घेऊन आकडेवारीचा धडा गिरवू. समजा, ती सकाळी आली. नवरा गेल्या वर्षी वारला. ग्रुप लोनचा वसुलीवाला रात्री आठ वाजता येऊन दारात बसतो आणि गटातल्या बाकीच्या बायकांनाही बोलावून घेतो. तुम्ही तिला सांगता की रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या नियमांप्रमाणे सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीला येता येत नाही, आणि सगळे हप्ते मिळून घरच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापुढे जातील असे कर्ज देताच येत नाही. कंपनीला पत्र लिहिता. बाई उठता उठता म्हणते, ‘रेशनचंही जरा बघा ना.’ मशीनवर तिचा अंगठा लागत नाही आणि कार्ड अजून नवऱ्याच्याच नावावर आहे. ते बघताना कळते की संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तिने केलेलाच नाही, कारण उत्पन्नाचा दाखला नाही. योजनेची अट वर्षानुवर्षे वार्षिक २१,००० रुपयांची राहिली, म्हणजे महिन्याला १,७५०. मुंबईत एवढ्यात जगणारा माणूस कोणी पाहिलेला नाही, तरी दाखला तेवढ्याचाच लागतो. तोवर चौथी गोष्ट निघते : पुनर्वसनासाठी झोपडे पाडून झाले आहे, परिशिष्ट-२ या पात्र झोपडीधारकांच्या यादीत नाव नवऱ्याचे आहे आणि बिल्डरने भाडे देणे बंद केले आहे.

हप्त्यासाठी आलेल्या एका बाईच्या चार फायली झाल्या. दसऱ्याला उघडलेली पहिली होळीला बंद झाली तर तुम्ही हुशार. दात्याच्या एक्सेल शीटमध्ये मात्र हे सगळे असे दिसते : लाभार्थी, १. शेजारच्या संस्थेने त्याच काळात एका सकाळी स्टेशनबाहेर दोन हजार पत्रके वाटली. तिचे लाभार्थी, २,०००.

घाबरू नका. बाईला एकदा ‘महिला’ या रकान्यात घ्या, एकदा ‘विधवा’त, एकदा ‘कर्जदार’, एकदा ‘शिधापत्रिकाधारक’ आणि एकदा ‘बेघर’मध्ये. रकाने दात्यांनीच पाडलेले आहेत. फोटोची अडचण खरी. शिलाई मशीन वाटले तर मशीनचा फोटो निघतो, शौचालय बांधले तर फीत कापता येते. सल्ल्यात मोठे यश म्हणजे काहीतरी घडत नाही : वसुलीवाला आला नाही, नाव यादीतून गळले नाही, सामान रस्त्यावर आले नाही. न आलेल्या माणसाचा फोटो काढायची सोय अजून झालेली नाही. तूर्त बाईच्या हातात कोणताही कागद द्या, बॅनरसमोर उभे करा. बॅनरवर दात्याचा लोगो बाईपेक्षा मोठा असावा.

मग बजेट. या कामाला लागते ते एक माणूस आणि त्याची बसायची जागा, आणि नेमके याच दोन्हींना कोणी पैसे देत नाही. पगार म्हटले की सीएसआर अधिकारी ‘ओव्हरहेड पाच टक्केच’ असे बजावतील. कायद्यातली ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे, तुमच्या सल्लागाराच्या पगाराला नाही. पण हे समोरासमोर बोलू नये, पुढच्या वर्षी पुन्हा भेटायचे असते. परदेशी निधीवर तर २०२०च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली. तेव्हा सल्लागाराला ‘क्षेत्र प्रशिक्षक’ म्हणा, पगाराला ‘मानधन’ आणि खोलीला ‘सामुदायिक संसाधन केंद्र’. बारा वर्षे तहसील कचेरी आणि रेशन ऑफिसच्या खिडक्या झिजवून कोणत्या दाखल्याला कोणता कागद जोडतात हे तोंडपाठ झालेली ताई ‘क्षमता बांधणी’ या सदरात बसते. कोणाची क्षमता कोण बांधणार, हे विचारू नका.

प्रपोजलच्या शेवटी हमखास येणारा प्रश्न : निधी संपल्यावर प्रकल्प स्वतःच्या पायावर कसा उभा राहील? खरे उत्तर असे की ज्याला कर्जाच्या सल्ल्याची फी परवडते त्याला बहुधा वकील परवडतो, तो आपल्याकडे येत नाही. हे लिहू नका. ‘समुदायाची मालकी’ असे लिहा आणि पुढच्या पानावर जा.

पहिला हप्ता आला की पेढे वाटू नका. दुसरा हप्ता युटिलायझेशन सर्टिफिकेटनंतर येतो, सर्टिफिकेट ऑडिटरच्या सहीनंतर, आणि ऑडिटर त्याची मागची फी मिळाल्यानंतर. मधल्या काळात खोलीचा मालक रोज डोकावतो, लाइट बिल थकते, ताईचे तीन महिन्यांचे मानधन अडकते आणि ताई, जिने वस्तीभर नको नको म्हणून सांगितले, तीच ग्रुप लोन उचलते. अशा वेळी तिचे नाव केंद्राच्या रजिस्टरमध्ये नोंदवायला विसरू नये. लाभार्थी एकाने वाढतो.

मार्चमध्ये फोन हाताशी ठेवा. एखाद्या कंपनीकडे थोडी रक्कम उरलेली असते, ती एकतीस तारखेच्या आत संपवायची असते आणि वर्षभर तुमची मेल न उघडलेले साहेब स्वतःहून फोन करतात. ते म्हणतील, पगार-बिगार नको, वस्तू सांगा. वॉटर प्युरिफायर चालेल का? चालेल म्हणा. दोन मागा. आणि प्युरिफायर ठेवायला जागा लागणारच, तेव्हा खोलीचे वर्षभराचे भाडे ‘बसवण्याचा खर्च’ या सदरात घालता येईल का, हे त्याच फोनवर विचारून घ्या.