सवाईला मुलं नेताना: नवशिक्या पालकांसाठी

अभिनंदन! डिसेंबरातले पाच दिवस, दुपारपासून रात्री दहापर्यंत, घरातल्या चौदा-सोळा वर्षांच्या मुलांना घेऊन सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवात मांडी घालून बसायचं तुम्ही ठरवलं आहे. विलायतेत लोक असल्या कामासाठी उन्हाळा निवडतात, शेतात तंबू ठोकतात आणि चिखलात नाचतात. आपण पुण्यात आहोत. इथे नाचायचं नसतं, मान हलवायची असते, आणि तीही समेवर. खालच्या सूचना पाळल्यात तर रविवारपर्यंत मुलांना शास्त्रीय संगीताची गोडी लागेल. निदान लागल्याचा फोटो निघेल. बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं.

१. आधी तिकीट काढा, मग मुलांना सांगा. क्रम उलटा करू नका. तिकीट पाचही दिवसांचं काढा, म्हणजे 'पैसे वाया जातील' हा घराघरांत चालणारा मुद्दा हाताशी राहतो. खुर्ची घेऊ नका. खुर्चीवरून माणूस उठून जाऊ शकतो. भारतीय बैठकीत मधोमध एकदा बसलं की बाहेर पडायला दहा-बारा जणांच्या पायांवरून, दोन थर्मासवरून आणि एका झोपलेल्या काकांवरून जावं लागतं. यालाच संस्कार म्हणतात.

२. मुकुंदनगरला पोचेपर्यंत गाडीत इतिहास सांगा. मुलांच्या कानात इअरबड असतील, म्हणून जरा मोठ्याने सांगा. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, किराणा घराण्याचे, अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य. १९५२ साली ते गेले आणि पुढच्याच वर्षी भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू केला. इथे थांबा. भीमसेनजी अकराव्या वर्षी घरातून पळाले, शाळेला रामराम ठोकला, विनातिकीट रेल्वेतून गुरू शोधत उत्तरेत हिंडले आणि पुढे भारतरत्न झाले, हा भाग दहावीच्या वर्षात अजिबात सांगू नका. चुकून तोंडातून गेलाच, तर घाईघाईने जोडा की शेवटी गुरू मिळाले ते गदगच्या घरापासून फार लांब नसलेल्या कुंदगोळमध्येच. त्यावर मुलगा विचारेल, मग मला क्लासला शहराच्या दुसऱ्या टोकाला का पाठवता? खिडकीबाहेर बघा.

३. 'आमच्या वेळी' हे प्रकरण जपून वापरा. महोत्सव रमणबागेत भरायचा तेव्हा आम्ही रात्र-रात्र बसायचो, पहाटे ललित, तोडी ऐकून तसेच ऑफिसला जायचो, वगैरे. सांगताना छान वाटतं. पण समोरून प्रश्न येतो: मग मी रात्री दोनला मोबाईल बघितला तर काय बिघडलं? याला उत्तर नाही. ताबडतोब ध्वनिप्रदूषण नियम, २००० या विषयाकडे वळा. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, एखाद्या दिवशी बारापर्यंतची सवलत, त्यामुळे मालकंस-दरबारीसारखे रात्रीचे राग आता घाईत आटपावे लागतात, पहाटेच्या रागांना तर कुणी वालीच उरला नाही, अशी हळहळ व्यक्त करा. आणि पावणेदहाला कलाकार घड्याळाकडे, तबलजी कलाकाराकडे बघत असताना आपण पार्किंगच्या दिशेने सरकायला लागा.

४. जुळवाजुळव. पडदा उघडला, तंबोरे छेडले गेले, की मुलगी विचारेल, 'सुरू झालं?' नाही म्हणा. खुंट्या पिळल्या जातील, मणी खालीवर होतील, तबलजी हातोडीने कडेकडेने ठोकत एक पूर्ण फेरी मारेल. 'आता?' अजून नाही. मग कलाकार माइकवाल्याकडे बघून तर्जनी वर करतील आणि तंबोरा जरा वाढवायला सांगतील. ही विनंती इतके जण करतात, की तिलाच नांदी समजायला हरकत नाही. मुलं कंटाळतील. कंटाळू द्या. इतका शुद्ध षड्ज त्यांच्या कानांवर एरवी कधी पडणार? हे मात्र मनात म्हणा.

५. सम ओळखणे. विलंबित एकताल म्हणजे बारा मात्रा, पण संथ लयीत एकच आवर्तन मिनिटभरापर्यंत लांबू शकतं. तेवढ्यात मुलांचे दोन रील होतात. 'सम कधी येते?' असं विचारलं तर तालशास्त्रात शिरू नका, सोपी युक्ती शिकवा: आजूबाजूचे 'आहाहा' म्हणाले की आली. मोठी माणसंही हेच करतात. अडचण एवढीच, की सगळेच एकमेकांकडे बघत असतील तर पहिला 'आहाहा' करायचा कुणी? म्हणून बसण्यापूर्वी एक खात्रीचे आजोबा हेरून ठेवा. जाकीट, मफलर, डोळे मिटलेले आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत असलेला, अशी ओळख. त्यांच्या मागे अर्धी मात्रा राहा, पुढे कधीही नाही.

६. खाणं. मुलांचा खरा महोत्सव स्टॉलवर असतो. वडे, खिचडी, कॉफी, परत वडे. जाऊ द्या त्यांना. फक्त प्रत्येक फेरीला घरातल्या एका मोठ्या माणसाने 'सोबत' म्हणून जायचं. ही जबाबदारी घ्यायला दोन्ही पालक एकदम उठतात, तेव्हा आधीच पाळ्या लावा.

७. सर्वांत धोक्याचा क्षण. सतारीचा झाला सुरू होतो, लय चढत जाते, सतारिया आणि तबलजी सवालजवाबाला भिडतात. तुमचा मुलगा मोबाईल उलटा ठेवतो. पाठ सरळ करतो. बोटं नकळत गुडघ्यावर वाजायला लागतात, तिहाई बरोबर पडते आणि तो सगळ्या मांडवाबरोबर टाळी देतो. गाफील राहू नका! लगेच कानाशी वाका आणि सांगा, 'हे पब्लिकसाठी असतं रे. खरं गाणं विलंबितात.' त्याने 'भारी होतं पण' असं म्हटलं, तर ओठ जरा मुडपून 'तयारी आहे' एवढंच म्हणा. मग कुणा दिवंगत उस्तादाचं नाव घ्या आणि सांगा की ती बात आता राहिली नाही. त्याने जे आत्ता ऐकलं ते कमअस्सल होतं आणि जे अस्सल होतं ते त्याच्या जन्माआधीच संपलं, हे त्याच्या मनावर पक्कं ठसलं पाहिजे. पुढच्या वर्षी तो आपण होऊन वीकेंडरसारख्या नाचायच्या महोत्सवाची तिकिटं काढेल. तेव्हा 'या पिढीला आवडच नाही' हे वाक्य कामी येतं, ते आत्ताच पाठ करून ठेवा.

८. फोटो. मागे मंच, पुढे मुलं, खांद्यावर शाल. हसू नको म्हणावं. तल्लीन दिसायला सांगा. पेंगुळलेलं मूल याला उत्तम, वेगळी मेहनत लागत नाही.

९. 'हा कुठला राग?' हा प्रश्न येणारच. गाण्याआधी गवयाने नाव सांगितलेलं असतं, पण तेव्हा तुम्ही वड्यांच्या रांगेत होतात. घाबरू नका. दिवस कलायला लागला असेल तर बिनधास्त 'मारवा' म्हणा. कुणी भुवया उंचावल्या तर 'नाही, पूरियाचं अंग दिसतंय' अशी दुरुस्ती करा. दोन्हींत कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम दोन्हींत नाही. फरक कुठल्या सुरावर किती रेंगाळायचं एवढाच, आणि त्यावर पुण्यात कुणी पटकन पैज लावत नाही. 'अगं आई, मुलतानी! आत्ता त्यांनीच सांगितलं ना,' असं मुलगी म्हणाली तर वाद घालू नका, कॉफी घेऊन येऊ या म्हणा. 'तू जा, मला ऐकायचंय,' असं उत्तर आलं तर मुकाट्याने एकटीच उठा. स्टॉलवर कुणी ओळखीचं भेटलं, की त्यांना सांगा: लेक आत बसलीये, तिला मुलतानी फार आवडतो, लहानपणापासून आम्हीच ऐकवलाय ना.