पांढरी पाच, किंचित चढी

हळदीच्या मांडवात आमचा ऑर्केस्ट्रा सुरू होण्याआधी एक सूर आपोआप लागतो. ॲम्प्लिफायर चालू केला, गिटारची वायर खोचली, की घूंऽऽ. लोकांना वाटतं, आवाज जुळवणं चाललंय. हा सूर कुणी लावत नाही, तो विजेचा असतो. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 हेलकावे घेते, आणि बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पट्टीत बोट दाबलं की 49 हेलकाव्यांचा सूर निघतो. पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी पाच. म्हणजे शहापूर असो नाहीतर मुरबाड, वीज असते तेव्हा ती पांढरी पाचातच गुणगुणते, जराशी चढी. आमचा गायक काळी एकमध्ये गातो. त्याला हा सूर तीव्र मध्यम पडतो, त्यामुळे त्याचं आणि विजेचं कधी जमलेलं नाही.

मी बेस वाजवतो. बेंजोवाला, ऑक्टोपॅडवाला, गायक यांच्यावर नोटा ओवाळल्या जातात. माझ्यावर आजवर एकदाच ओवाळली, ती मागच्या ढोलकीवाल्याची निघाली. मी वाजवतोय याचा पुरावा एकच: स्पीकरजवळच्या खुर्चीवर कुणी स्टीलचा ग्लास ठेवलेला असेल तर त्यातलं पाणी थरथरतं.

माझी गिटार पॅसिव्ह. लाकूड, चार तारा, लोहचुंबकाभोवती गुंडाळलेली केसाएवढी तांब्याची तार आणि आवाजाची दोन बटणं. भाच्याने घेतली ती ॲक्टिव्ह. पाच तारा, पोटात छोटा प्रीॲम्प, त्याला नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. सोबत पायाखाली मांडायची पेडलची फळी: कॉम्प्रेसर, ऑक्टेव्ह, फज, कोरस. पहिल्या दिवशी तो एकेक पेडल पायाने दाबत होता तेव्हा नवरदेवाच्या आजीने जवळ येऊन विचारलं, "एवढे वजनकाटे कशाला रं?"

"मामा, तुमच्या गिटारला जोर नाही," भाचा म्हणतो. खोटं नाही ते. पॅसिव्ह गिटार म्हणजे गावच्या नळयोजनेतला शेवटचा नळ. वायर लांबली की वरचे कुरकुरीत सूर वाटेतच मुरतात, आणि पुढचं पेडल ओढखोर निघालं तर उरलंसुरलं ते पितं. ॲक्टिव्हच्या पोटात मोटरच बसवलेली, तिला वायरची फिकीर नाही. पण मोटरचंही एक दुखणं असतं. धार इतकी दांडगी, की साधं ओव्हरड्राइव्हचं पेडल पहिल्याच सुराला फाटायला लागतं. मग भाचा वाकून गिटारचा आवाज उतरवतो, नाहीतर पेडलवरचं 'ॲक्टिव्ह' लिहिलेलं बटण शोधतो. जुन्या घाटणीच्या फजला तर पॅसिव्हच मानवते. गिटारचा आवाज थोडा कमी केला की तो शहाण्यासारखा निवळतो, ॲक्टिव्हपुढे मात्र किंचाळतच राहतो. हे कळलं त्या दिवशी मी भाच्याला तो फरक चार वेळा ऐकवला. खरं तर दोनदा पुरे होता.

या दोन्ही जातींचे गाजलेले नमुने एकाच माणसाच्या हातून निघाले. लिओ फेंडर, कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा. 1951 साली त्याने पॅसिव्ह प्रिसिजन बेस आणला आणि 25 वर्षांनी, 1976 मध्ये, म्युझिक मॅन कंपनीचा बॅटरीवाला स्टिंगरे. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. आमच्या गायकाचं माझ्याबद्दल हेच मत आहे.

शहापूरकरांना हा फरक समजावायला खरं तर फेंडर कशाला हवा? तानसा धरण 1892 चं. त्याचं पाणी उताराने, स्वतःच्या वजनाने मुंबईला जातं. पॅसिव्ह. भातसा धरणाचं पाणी आधी नदीत सोडतात आणि खाली पिसे इथे पंपाने उचलतात. ॲक्टिव्ह. पिसेचे पंप बिघडले की मुंबईच्या पेपरात पाणीकपातीची बातमी येते. आणि ही दोन्ही धरणं ज्या तालुक्यात आहेत, तिथल्या कित्येक पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत बाया हंडे मांडून टँकरची वाट बघतात. ती कुठल्या जातीची गिटार म्हणायची, हे मला ठरवता आलेलं नाही.

असो. मुरबाडकडच्या एका हळदीला भाच्याची बॅटरी संपली. आदल्या रात्री त्याने गिटारात वायर तशीच खोचून ठेवली होती. ॲक्टिव्ह गिटारचा प्रीॲम्प वायर आत गेली की चालू होतो, मग तुम्ही वाजवा नाहीतर झोपा. चौथ्या गाण्याला बेस कण्हायला लागला, पाचव्याला घरघरू लागला, आणि नवरदेवाचा मामा खूश होऊन पुढे आला. "हा कोणता इफेक्ट लावला?" त्या रात्रीची पहिली नोट भाच्यावर ओवाळली गेली, मरत्या बॅटरीच्या आवाजाला. सहाव्या गाण्याला तोही आवाज गेला.

रात्रीचे साडेअकरा. उघड्या टपरीत रिमोटचे सेल होते, चौकोनी बॅटरी नव्हती. शेवटी मांडवाचा वायरमन कामी आला. त्याने खिशातला पिवळा मल्टिमीटर काढला, मागचे दोन स्क्रू सोडवले आणि आतली नऊ व्होल्टची बॅटरी काढून तिची दोन्ही टोकं जिभेला लावली. तोंड वाकडं केलं. "आहे जीव," म्हणाला, "पण भाऊ, सकाळी परत द्या. मला फेज बघायला लागते." भाच्याने मान डोलावली. तोवर मी माझी पॅसिव्ह लावून तीन गाणी ओढली होती, आणि बेस बदलला हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

सकाळी आम्ही टेम्पोत सामान भरून निघून आलो.

तेव्हा ॲक्टिव्ह गिटारवाल्यांनो, वाजवून झालं की वायर काढून ठेवा. आणि मुरबाडकडचे ते वायरमन हे वाचत असतील तर, भाऊ, तुमची बॅटरी आमच्याकडे आहे. अजून जीव आहे तिच्यात, कालच जीभ लावून बघितली.