पुसलेल्या फरशीवरचं अस्वल

लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही. प्राण्यांवर अधिकारवाणीने बोलणारी माणसं मात्र क्लासच्या पाट्या लावून गल्लोगल्ली बसली आहेत. त्यांतलाच मी एक. 'नीट'ला बसणाऱ्या पोरांना मी प्राण्यांचं वर्गीकरण शिकवतो. संघ, वर्ग, गण, कुल हे माझी पोरं झोपेत बडबडतात, असं त्यांच्या आया अभिमानाने सांगतात. प्रत्यक्षात आमच्या गावाने वाघिणी पाहिल्या त्या २०१६ च्या एप्रिलात, मिरजेहून आलेल्या. पहिल्या गाडीला दहा होत्या आणि त्यांच्या पोटात पाच लाख लिटर पिण्याचं पाणी होतं.

अशा माणसाला नांदेडहून दाजींचा फोन आला. "पाहुणे, सहस्रकुंड लई जोरात पडू लालंय. या की ताईला भेटायला म्हणून."

मी धबधब्याचं ऐकलंच नाही. मला ऐकू आलं ते पैनगंगा अभयारण्य. अस्वल, बिबट्या, चौसिंगा, रोही! मी दुर्बीण घेतली, खाकी टोपी घेतली, आणि नऊ खिशांचं एक जाकीट मागवलं. ते घालून आरशासमोर उभा राहिलो तेव्हा बायको म्हणाली, "गॅस दुरुस्तीवाले येतात तसं दिसतंय."

भोकर, हिमायतनगर करत गाडी इस्लापूरकडे लागली. सोयाबीनची रानं मागे पडून साग दिसायला लागले, तसा मला कंठ फुटला. २०१९ साली टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला आणि नांदेड, हिंगोली करत पाच महिन्यांत तेराशे किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला, हे मी सांगितलं. हेतू माहिती देण्याचा होता. परिणाम एवढाच झाला की बायकोने खिडकीची काच वर केली आणि ती सहस्रकुंडापर्यंत खाली घेतली नाही.

सहस्रकुंडाला नदीचा अलीकडचा काठ नांदेडचा, पलीकडचा यवतमाळचा. मधे पैनगंगा काळ्या बसाल्टवर ऐसपैस पसरते आणि कड्याशी आली की शेकडो धारांनी खालच्या अरुंद घळीत कोसळते. वर इसापूर धरणाचे दरवाजे उघडले की धारा एकमेकींत मिसळून नुसती गढूळ भिंत होते. त्या दिवशी मधलीच स्थिती होती, म्हणजे डोळ्यांचं पारणं फिटावं अशी. लाव्हाचे थर पायऱ्यांसारखे उघडे पडलेले, पाण्याने घासून लोखंडासारखे चकाकणारे. तुषार थेट कठड्यापर्यंत येत होते. मी मात्र लातूरकर. पहिला विचार आला की ह्याच्यात मिनिटाला किती वाघिणी भरतील. दुसरा विचार आला की आपण पाण्यासाठी आलेलो नाही. सारी जत्रा धबधब्याकडे तोंड करून उभी होती, तेव्हा मी त्याच्याकडे पाठ करून पलीकडच्या झाडीत दुर्बीण रोखली.

"काय बगू लालाव?" दाजी म्हणाले.

"अस्वल. १९७२ च्या कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे. वरचे मधले दोन दात त्याला नसतात. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी पंपासारखी ओढून घेतं."

"म्हंजे आमच्या आबासारखंच. त्येंच्या चहाचा आवाज बी लांब जातो."

झाडीत अस्वल नव्हतं. पण घळीच्या खालच्या अंगाला, पाणी ओसरलेल्या जागी, ओल्या गाळात मला पाऊल दिसलं. लांब तळवा, पुढे पाच बोटं. पुढे दुसरं, तिसरं. माझ्या छातीत धडधडायला लागलं. मी सगळ्यांना हाका मारून गोळा केलं, बाजूला काठ्या रोवल्या, मापासाठी शेजारी पेन ठेवून फोटो काढला. "मागचा पाय. अस्वल आपल्यासारखंच पूर्ण तळवा टेकवून चालतं. नर असावा, वजनदार. आणि ताजं आहे!" चार अनोळखी माणसंही जमली. एका आजोबांनी नातवाला कडेवर घेतलं.

भाचा वाकून बघत राहिला. यंदा बारावीला आहे, माझे व्हिडिओ बघतो. "मामा, अस्वलाचं सगळ्यांत मोठं बोट बाहेरच्या अंगाला असतंय ना? आन् नखं लांब असतात. तुमच्याच व्हिडिओत आहे. हितं तर अंगठा आतल्या बाजूला आहे."

मी बुटात पाणी गेल्याचं कारण सांगायच्या बेतात होतो. कारण मघाशी बुटात पाणी गेलं होतं आणि बूट काढून मी याच वाटेने एकटाच गेलो होतो.

"रोज पुसलेल्या फरशीवर बघते मी हा पाय," बायको म्हणाली. "अंगठ्याशेजारचं बोट बघा, कसं वर येतं ते."

आजोबांनी नातवाला खाली सोडलं. जाता जाता म्हणाले, "वजनदार म्हनले ते मातर बराबर हाय."

मग जेवायला बसलो. ताईने धपाटे केले होते, दही होतं, शेंगदाण्याची चटणी होती. महादेवाच्या देवळाजवळ वानरांची टोळी असतेच. ताई डबा झाकायला लागली, तर मी तिला थांबवलं. गेलेली पत परत मिळवायची होती. "घाबरू नकोस. काळ्या तोंडाची ती वानरं, लाल तोंडाच्या माकडांसारखी नव्हेत. यांच्या पोटात गायीसारखे कप्पे असतात, पानं आंबवून पचवायला. ज्वारीचा धपाटा त्यांना..."

वाक्य पुरं झालं नाही. एक दांडगा नर आला. घाई नाही, ओरडणं नाही. त्याने डब्यातले धपाटे वरून खालपर्यंत चाचपले आणि सगळे उचलले. चटणीला बोट लावून वास घेतला आणि ती तशीच ठेवली. मी "हट्!" म्हणून उठलो, तो शेवाळावर पाय पडला. पुढचे दोन खडक मी बसूनच उतरलो. जाकिटाचे नऊही खिसे शाबूत राहिले, पण पँटने मागून साथ सोडली. दाजींनी खांद्यावरचा टॉवेल काढून दिला. हसू दाबायला त्यांना तोंड फिरवावं लागलं, एवढं मी बघितलं.

परतताना मी पुढच्या सीटवर टॉवेल गुंडाळून बसलो होतो. सगळे धबधब्याचे फोटो बघत होते, अस्वलाचा फोटो फॅमिली ग्रुपवर आधीच गेला होता. वातावरण बदलावं म्हणून मी मागे वळून रोह्याचा विषय काढला. रोह्याला नीलगाय म्हणतात, पण ती गाय नव्हे, हरीणही नव्हे. हरणाची शिंगं दरवर्षी गळतात, हिची गळत नाहीत. शिंगं फक्त नराला असतात, नर निळसर करडा आणि मादी...

दाजींनी करकचून ब्रेक मारला. मागच्या सीटवरून एकदम "आई गं!" आलं. भाच्याने पुढे बोट केलं. मी मादीचा रंग सांगून, वाक्य संपवून, मग समोर वळलो. तुरीची दोन झाडं हलत होती.

"नर होता," भाचा म्हणाला. "निळसर करडा."

दाजींनी गिअर टाकला. "सर, पेपर सुटला."