गोष्टताई आणि मांजर

जर्मनीतल्या बहुतेक मराठी मंडळांत एक गोष्टताई असते. पोटापाण्यासाठी ती सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, त्यामुळे पुस्तकातही तिला आधी बग दिसतो. महिन्यातल्या एका रविवारी भाड्याच्या हॉलमध्ये पोरं गोळा करून ती जर्मन चित्रपुस्तकातली गोष्ट मराठीतून सांगते. सांगायला दहा मिनिटं, निवडायला महिना.

या खेपेला विषय मांजर. वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांच्या दोन पिशव्या नवऱ्याने बिनलिफ्टच्या चौथ्या मजल्यावर चढवल्या आणि तपासणी सुरू झाली.

आधी ग्रिम बंधू. ब्रेमेनच्या वाजंत्र्यांमधल्या म्हाताऱ्या मांजरीला उंदीर धरवत नाहीत, म्हणून मालकीण तिला बुडवायला निघते. "सासूबाई व्हिसावर आल्यात. त्यांच्यादेखत हे वाचू?" बाद. बूटवाला बोका थापा मारून मालकाचं भलं करतो. तोही बाद. खुद्द ग्रिम बंधूंनीही 1812 साली छापलेली ही गोष्ट पुढच्या आवृत्तीतून काढली होती, हे कळल्यावर ताईंची मान ताठ झाली. त्यांनी ती फ्रेंच वळणाची म्हणून काढली होती, पण तो तपशील ताई सांगत नाहीत.

फ्रँकफर्टच्या डॉ. होफमानच्या 'श्ट्रुव्हेलपेटर'मध्ये दोन मांजरं काडेपेटीशी खेळणाऱ्या मुलीला बजावतात. ती ऐकत नाही, जळून जाते, मागे राख आणि बूट उरतात. अख्ख्या गोष्टीत शहाणी काय ती मांजरंच, पण पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपला कोण तोंड देणार? बर्लिनमध्ये जन्मलेल्या लेखिका ज्युडिथ करची मांजर मॉग 2002च्या पुस्तकात चक्क मरते. ताईंनी ते आधी स्वतःच वाचलं, रडून घेतलं, मग मिटलं.

उरला स्वीडनच्या नूर्डक्विस्टचा फिंडुस. जर्मन पोरांचा हा लाडका बोका वर्षातून तीनदा वाढदिवस करतो. "तीनदा! इथे एकदाच्या हॉलचं भाडं परवडत नाही."

अखेर एक निर्दोष पुस्तक सापडलं. मांजर झोपतं, उठतं, दूध पितं, परत झोपतं. मोठ्या मांजरांना दूध पचत नाही हे आठवून ताईंनी दुधाचं पाणी केलं.

पुस्तक तळहाताएवढं होतं. तेवढंच तपासायचं राहिलं होतं. रविवारी हॉलमध्ये दुसऱ्या रांगेतून "दिसत नाही!" सुरू झालं आणि तिसरी रांग थेट पिशवीत शिरून फिंडुस काढून बसली. इथल्या वाचनालयांत लाकडी चौकटीत मोठाली चित्रं सरकवत गोष्ट सांगायची जपानी कामिशिबाई असते, ती उगाच नाही.

2004 पासून नोव्हेंबरच्या तिसऱ्या शुक्रवारी जर्मनीभर वाचून दाखवण्याचा दिवस, 'फोरलेजेटाग', साजरा होतो. शाळा-वाचनालयांना त्या दिवशी वाचणारी माणसं हवी असतात. तुमच्या गावातल्या गोष्टताईंचं नाव जरूर सुचवा, आवाज गोड असतो. पुस्तक मात्र तुम्ही निवडा, आणि मांजराचं असेल तर आदल्या रात्री त्यांच्या हाती पडू देऊ नका.