शेवटच्या ‘शा’ला आत्याचं अनावृत पत्र

चि. शा हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

माझ्या भावाला दुसरी मुलगी झाली, हे तुला कळलंच असेल. कारण तेव्हापासून तो हात धुऊन तुझ्याच मागे लागलाय. थोरली ईशा. तेव्हा धाकटीच्या नावाच्या शेवटीही तूच हवीस. शिवाय नाव असं हवं, की सोसायटीत, पाळणाघरात आणि पुढे शाळेच्या हजेरीपटावर दुसऱ्या कुणाचं नको. दहा दिवस घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुझ्या पालख्या निघताहेत. परवा बारसं. बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. म्हटलं, आधी तुझ्याशीच बोलून घ्यावं.

तुझ्या साध्यासुध्या मुली केव्हाच वापरून झाल्या. आशा, निशा, दिशा माझ्याच वर्गात होत्या. आशा तर दोन. उषा आणि मनीषा खरं तर पोटफोड्या ‘ष’च्या घरच्या, पण त्याही खपून गेल्या. मग ‘अनकॉमन’ म्हणून उरलं काय, तर मिशा! रशियात हे मिखाईलचं लाडाचं नाव, म्हणजे बाप्याचं. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकचं अस्वलही मीशाच. तिथं ते शोभलं. आमच्याकडे आजीनं “मिशा कुठं गेल्या?” असं विचारलं, तर आजोबा आधी आरशाकडे धावतील. तृषा सुचली, तर संस्कृतात तिचा अर्थ तहान. कशा म्हणजे चाबूक. तो अजून कुणी सुचवलेला नाही, पण परवापर्यंत वेळ आहे. नायशा, रायशा, कियाशा यांचे अर्थ भावानं मोबाईलला विचारले. तिघींचं उत्तर एकच आलं: ‘खास’.

भटजींनी तर कमाल केली. बाळाचं नक्षत्र आर्द्रा, चरण तिसरा, आद्याक्षर ‘ङ’! पुढून भटजी, मागून तू. उरल्या फटीत आईबापांनी काय ते नाव बसवायचं.

शास्त्र मात्र तुझ्या बाजूचं, हे कबूल. मुलीचं नाव विषम अक्षरांचं आणि आकारान्त असावं, असं पारस्कर गृह्यसूत्र सांगतं. मनुस्मृती त्यात भर घालते: उच्चाराला सोपं, अर्थ उघड, मनाला गोड आणि आशीर्वादासारखं. या कसोट्या बोटांवर मोजत बसले आणि तुझी एक जुनी मुलगी आठवली. तीन अक्षरं. आकारान्त. उच्चार सोपा. अर्थ इतका उघड, की मोबाईलला विचारायला नको.

नकुशा.

तुझ्या कौतुकाच्या याद्यांत हिला कुणी घेत नाही. मुलग्याची वाट बघणाऱ्या घरात दुसरी, तिसरी मुलगीच झाली, की तिच्यावर हे नाव टाकायचं. म्हणजे पुढच्या खेपेला तरी मुलगा होईल. २०११ साली साताऱ्यात अशा २८० हून जास्त मुलींना समारंभानं नवी नावं दिली. एका जिल्ह्यात एवढ्या! म्हणजे तुझी ही लेक अनकॉमनसुद्धा नव्हती. त्या दिवशी कुणी देवीचं नाव घेतलं, कुणी नटीचं. हे नाव वर्गात आणखी कुणाचं आहे का, याची चौकशी त्या दुसऱ्या बारशात कुणी केली नसावी.

माझ्या भावालाही दुसरीच मुलगी झाली. त्यानं बर्फी वाटली, ईशाच्या वेळेपेक्षा किलोभर जास्त. रात्री बाळ झोपलं, की डोळे चोळत यादी काढून बसतो आणि एकेक नाव पुटपुटत तिच्याकडे बघतो. नावाला अर्थ नसेल, पण मनूची ती शेवटची अट हा जागून जागून पुरी करतोय.

तेव्हा शा, तुझ्यावरची तक्रार मागे घेते. नायशा म्हणा, कियाशा म्हणा, परवा मी चांगली खणखणीत कुर्र करीन.

मिशा सोडून.

तुझी,
आत्या
(आकारान्त आहे, पण अक्षरं दोनच, शास्त्रात बसत नाही.)