पातेल्याचा भाव, घागरीची मोड

"किलोमागं ईस रुपये सोडले त्यानं! आधी हूं की चूं करीना. मी पायात चप्पल घातली अन् पायरी उतरले, तवा 'या मावशी, या मावशी' करत मागं आला."

तुराट्यांच्या कुडापलीकडून मामी बोलत होत्या. लेकीच्या आंदणाची भांडी घ्यायला त्या हिंगोलीला जाऊन आल्या होत्या. तशी भांडी सेनगावातही मिळतात. पण रुखवत बघायला आलेल्या बायांपुढं 'हिंगोलीहून आणली' म्हणायची सोय सेनगावात नाही.

भाव करण्यात मामींचा हात आमच्या अख्ख्या साखरा गावात कोणी धरत नाही. दुकानात शिरल्यावर हव्या त्या वस्तूकडं त्या बघतच नाहीत. मनात पिंप असलं तर आधी ताटं काढायला लावतात, त्यांचे काठ चाचपतात, "पत्रा लई पातळ" म्हणून बाजूला सारतात. गडी चार वेळा माळ्यावर चढून घामाघूम झाला की जाता जाता विचारल्यासारखं, "अन् हे पिंप कसं लावलं?" सोबतीला आमच्या पलीकडच्या वहिनी. त्यांना एकच वाक्य दिलेलं असतं: "चला मामी, मघाच्या दुकानात कमी होतं." मघाचं दुकान बहुतेक वेळा नसतंच. दुकानदारालाही ते ठाऊक असतं, पण त्यानंही आधीच भाव चढवून सांगितलेला असतो, मग बोलणार कोणत्या तोंडानं?

"अन् मामी, पितळी घागरीचं काय केलं?" मी विचारलं.

"मोडीत घातली."

"काय भावानं?"

मामी पदरानं तोंड पुसू लागल्या. उत्तर वहिनींनी दिलं, "त्यानं लावला त्या भावानं! मामी तवा स्टीलचे ईस रुपये मोजू लागल्या होत्या."

इथंच तर सगळी गोम आहे. नव्या भांड्याला भाव कमी केला की गिऱ्हाईक खूश होतं आणि मोड त्याच खुशीत तागडीवर चढते. पितळेची किलोची किंमत स्टीलपेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळं तिथं भाव जरा खाली लावला तरी सोडलेले वीस रुपये व्याजासकट वसूल. शिवाय "जुनं आहे, माती धरली आहे, घट जाईल" म्हणून वजनातून थोडं काढायचं ते वेगळंच. सासूच्या हातची जड घागर अशी गेली.

"मंग कामून नाही बोललात?"

"माय, बोलून बोलून घसा सुकला व्हता."

मामींना चिक्कू म्हणणारे गावात आहेत. मला ते पटत नाही. मामींच्या घरची हळद याच महिन्यात हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात गेली. उकडून, वाळवून, पॉलिश करून नेलेल्या ढिगापुढं बोली व्यापारी लावतात, आणि मामा उपरण्यानं वारा घेत ऐकत उभे राहतात. भाव नाही पटला तर माल परत नेता येतो, तशी मोकळीक आहे. पण टेम्पोचं भाडं अंगावर आणि लग्नाची तारीख डोक्यावर असताना परत कोण नेतो? मामी म्हणाल्या, "आपल्या हळदीचा भाव दुसरेच बोलतात. पातेल्याचा तरी म्या बोलू नगं का?" यावर वहिनींनाही काही सुचलं नाही.

मग कुकर निघाला. पेटी कुडावरून माझ्या हातात आली. दुकानदारानं छापील किमतीवर आणखी जीएसटी मागितला होता म्हणे. मी पेटीवरची ओळ वाचून दाखवली: सर्व करांसह. छापील किंमत ही वरची हद्द असते, तिच्याहून जास्त घेता येत नाही, कमी मात्र खुशाल घ्यावी. मागणारा ऐकत नसेल तर ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे. सुट्या, वजनावर मिळणाऱ्या भांड्यांवर कर वेगळा लावतात, पण तोही 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांचा 5 टक्के झाला आहे. अजून कोणी बारा सांगत असेल तर तिथं मात्र चप्पल घालून खुशाल पायरी उतरावी. कुकरवर आयएसआयचा शिक्का होता, तेवढं बरं झालं. 2021 पासून तो सक्तीचा आहे. बिनशिक्क्याचा कुकर निम्म्या किमतीत दिला तरी घेऊ नये; त्यात वाफ कोंडायची असते.

वहिनींनी तेवढ्यात लोहचुंबक आणला. चुंबक चिकटला नाही की स्टील अस्सल, हे त्यांचं शास्त्र. चांगल्या 304 स्टीलमध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं, त्याला चुंबक चिकटत नाही हे खरं. पण निकेल कमी घातलेल्या स्वस्त 200 जातीलाही तो सहसा चिकटत नाही. म्हणजे चुंबकानं काहीच कळलं नाही. वहिनी रुसल्या.

रुसल्या ते रुसल्या, वर बोहारणीची गोष्ट निघाली. मागं तीन साड्या आणि एक पँट देऊन वहिनींनी तिच्याकडून डबा घेतला, वर चमच्यासाठी अर्धा तास हुज्जत घातली. उन्हात डोक्यावर पाटी घेऊन फिरणाऱ्या बाईशी अशी ओढाताण मला आवडत नाही, आणि ते मी तोंडावर बोलले. "मंग चमचा तूच दे," वहिनी म्हणाल्या. दिला.

मामींच्या घरची पितळी परात अजून शिल्लक आहे. कपाटाच्या खरेदीला जाताना तीही न्यायची असं ठरत होतं, ते मी थांबवलं. मोड द्यायचीच असेल तर खरेदीच्या दिवशी देऊ नका. आदल्या बाजाराला दोन दुकानांत नुसता मोडीचा भाव विचारून या, वजन घरून करून न्या आणि काट्यावर त्या वर्षाच्या पडताळणीचा शिक्का बघा. बिलावर वजन, दर आणि मोडीची रक्कम वेगवेगळी लिहून घ्या. यंदा ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांनी तरी एवढं कराच.